कॉफी १६० रुपयांची, मग साखर का मागायची नाही?

शहापूरचे काका:
परवा पुतण्याच्या हट्टापायी आपल्या बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या कॅफेत गेलो. चार टेबलं, बाहेर धो धो पाऊस. पाटी कन्नडात, मेनू इंग्रजीत. पोरानं ऑर्डर हिंदीत घेतली. मी मराठीत बोललो तसा हसून म्हणाला, "मी खानापूरचाच की काका." इथवर झकास.
मागवली 'पोर ओव्हर', १६० रुपये. काचेच्या भांड्यावर कागदाचं गाळणं ठेवून पोरगं अभिषेक घातल्यासारखं पाणी ओतत होतं. शेवटी आलं ते काळं पाणी. साखर मागितली तर म्हणतो, "आधी अशीच पिऊन बघा, साखरेनं चव मरते." दुसऱ्यांदा मागितल्यावर दोन पुड्या आणून ठेवल्या, पण चेहरा असा की मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलोय. पैसे माझे, जीभ माझी. गिऱ्हाइकाला शिकवायचा हा कुठला धंदा?

गणपत गल्ली:
अगदी बरोबर बोललात काका. तेवढ्या पैशांत आमच्या कोपऱ्यावर दहा चहा होतात आणि चहावाला साखर किती ते आधी विचारतो. ही सगळी फोटो काढायची दुकानं.

गाळणं:
काका, मी बेंगळुरात दोन वर्षं हेच काम केलंय, म्हणून त्या पोराची बाजू घेतो. एका कपाला १५ ग्रॅम पूड आणि २४० मिली पाणी. पाणी उकळतं नको, ९२ ते ९६ अंशांच्या मधलं. आधी थोडंसं ओतून अर्धा मिनिट थांबायचं. दाणे ताजे भाजलेले असले तर पूड फुगते, बुडबुडे येतात. शिळी असली तर नुसती चिखलासारखी बसते. पुढची तीन मिनिटं दुसरीकडं बघायचं नाही, मग गल्ल्यावर कुणी का उभं असेना. हलकी भाजलेली अरेबिका जातीची कॉफी मुळातच फळासारखी आंबटसर लागते. त्यात साखर घातली की सरबत होतं. तो उद्धटपणा करत नव्हता, त्याला वाईट वाटत होतं.

शहापूरचे काका:
आंबट लागली खरी. मला वाटलं नासलीय.

निपाणीची सून:
काय सांगालाय तुम्ही गाळणंभाऊ! माझी नणंद चिकमगळूरला दिली आहे. सूफी संत बाबा बुडन यांनी मक्केहून परतताना येमेनातून सात बिया लपवून आणून ज्या डोंगरावर लावल्या म्हणतात, तो त्याच जिल्ह्यात. देशातली निम्म्याहून जास्त कॉफी आपल्या कर्नाटकातच होते. आणि तिच्या घरी सकाळी काय असतं? स्टीलच्या फिल्टरात रात्रभर ठिबकलेलं डिकॉक्शन, चिकोरी मिसळलेली पूड, सायीचं दूध आणि दोन चमचे साखर. सासरे बशीत ओतून पितात. ज्यांच्या परसात कॉफी पिकते ते साखर घालतात, मग हा नेम काढला कुणी?

गाळणं:
वहिनी, ती कॉफी वेगळी. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, कॉफीच नव्हे. तिनं दाटपणा येतो, कडवटपणा येतो, म्हणून तिला दूध-साखर लागतेच. बासुंदीत साखर घालतात म्हणून ताकात घालाल का?

निपाणीची सून:
आमच्याकडं ताकात घालतात की.

तिसरं टेबल:
मी त्याच कॅफेत बसते बहुतेक. साखरेचं तुम्ही बघा, मला दुसरंच सांगायचंय. घरात आम्ही सहाजण, टीव्ही दिवसभर चालू, आणि माझी परीक्षा तोंडावर. मी एक कप घेऊन तीन तास वाचत बसते. अजून कुणी "उठा" म्हटलेलं नाही. गणपत गल्लीवाले दादा, तुमच्या कोपऱ्यावर दहा चहा मिळत असतील. मी तिथं एकटी दहा मिनिटं उभी राहिले तर संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो. त्या १६० रुपयांत खुर्ची येते, भिंतीकडेची. कॉफी मलाही फारशी कळत नाही.

गणपत गल्ली:
निरोपाचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण चार टेबलांत एकजण तीन तास? भाडं काय कॉफीच्या वासावर भरायचं त्यानं? तुमच्यासारखे चौघं आले की शटर पडलं समजा.

तिसरं टेबल:
दुपारी अडीच ते पाच चिटपाखरू नसतं तिथं. गर्दी झाली की मीच उठते. एकदा दोन काकू दारात छत्री मिटत होत्या, मी अर्धा कप हातात घेऊन बाहेरच्या बाकावर गेले. पुस्तक भिजलं ते अजून फुगलेलंच आहे.

गाळणं:
काका, तुम्ही त्याला परत एक संधी द्या. दुधाची मागवा हवं तर.

शहापूरचे काका:
आज गेलो. तीच काळी मागवली, हट्टानं. साखर मागितली नाही. खिशातनं कुंद्याची पुडी काढली, आपली खव्याची मिठाई. एक घास कुंदा, वर एक घोट. आंबट, कडू आणि तो खरपूस खवा... पोरगं काउंटरवरनं बघत होतं. काही बोललं नाही. थोड्या वेळानं येऊन म्हणालं, "काका, मला पण थोडा द्या की." माझं मत बदललेलं नाही. साखरेची वाटी टेबलावर असायलाच पाहिजे. भिंतीकडेच्या टेबलावर एक पोरगी वाचत होती, तिलाही कुंदा दिला.

तिसरं टेबल:
ते तुम्ही होता होय!

गणपत गल्ली:
कुंदा कुठल्या दुकानातला?

निपाणीची सून:
झालं, आता रात्रभर झोपत नाहीत ही माणसं.