रात्री सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तुटतं, दिवसा व्यवस्थित. कॅमेरा बदलावा का?

गेटवरचा_डोळा
रत्नागिरीला घरी ४ कॅमेऱ्यांचा सेट आहे. २ मेगापिक्सेलचे अॅनालॉग एचडी कॅमेरे, ४ चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा), १ टीबीची हार्ड डिस्क, कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), सगळीकडे ३+१ केबल (तीन बारीक तारा आणि चित्राची एक कोअॅक्सियल, एकाच आवरणात). गेटचा कॅमेरा (नंबर ४) सगळ्यात लांब, साधारण ४० मीटर.

अंधार पडला की नंबर ४ वर ‘व्हिडिओ लॉस’ येतं, मिनिटभरात चित्र परत, पुन्हा गायब. सकाळी ठणठणीत. शिवाय अधूनमधून चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकदमच ५-७ मिनिटं नसतं. मागचं जेमतेम ५ दिवसांचं मिळतं, आणि लाइट जाऊन आली की तारीख मागे गेलेली असते. टेक्निशियन म्हणतो कॅमेरा बदला. बदलू का?

बारा_व्होल्ट
आत्ता तरी नको. एकाचंच तुटत असेल तर दोष त्या कॅमेऱ्याच्या वाटेवर असतो. चौघांचं एकदम तुटत असेल तर डीव्हीआर किंवा डिस्क बघायची. तुमच्याकडे दोन्ही आजार एकत्र आहेत, म्हणून घोळ झालाय.

नंबर ४ चं बोलतो. अंधारात कॅमेऱ्याचे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी पेटतात आणि कॅमेरा दिवसाच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. ३+१ मधल्या पॉवरच्या तारा बारीक असतात. तांब्याची ०.२ चौरस मिमी तार धरली तर मीटरला ०.०८६ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळपास ७ ओहम. दिवसा ०.१५ अँपिअरला १ व्होल्ट पडतो, त्याने काही बिघडत नाही. रात्री ०.४ अँपिअरला पावणेतीन व्होल्ट पडतात आणि कॅमेऱ्याच्या हाती उरतात सव्वानऊ. कॅमेरा बंद पडतो, एलईडी विझतात, भार उतरला की व्होल्टेज वर येतं, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पुन्हा पेटतात. तुमचं मिनिटभराचं चक्र ते हेच. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, तिथे याहून वाईट.

मोजताना कॅमेरा जोडलेलाच ठेवा. पिन काढून मोजलंत तर भार नसल्यामुळे मीटर १२ दाखवेल आणि तुम्ही ‘सप्लाय ओके’ म्हणून मोकळे व्हाल. हिरव्या डीसी पिनचे दोन स्क्रू उघडे असतात, त्यांवर प्रोब टेकवा. रात्रीपर्यंत थांबायचं नसेल तर कॅमेऱ्याच्या काचेवर काळं फडकं टाका, एलईडी पेटतील. १०.८ च्या खाली आकडा आला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

एसएमपीएसवर व्होल्टेजचा छोटा प्रीसेट असतो, तो फिरवून १२.५ करता येतं. तात्पुरता इलाज म्हणून चालेल.

कोकणी_वायरमन
प्रीसेटला माझा विरोध. अर्ध्या व्होल्टने गेटचे सव्वानऊ पावणेदहा होतील, पुरणार नाहीत. मग माणूस अजून फिरवतो आणि जवळच्या तीन कॅमेऱ्यांना १४ च्या आसपास जातात. त्यात त्याच पट्टीवर शेजारी २३० व्होल्टचे स्क्रू उघडे.

नंबर ४ ला पॉवर वेगळी न्या. १ चौरस मिमीची तांब्याची दोन कोर वायर टाकलीत तर ८० मीटरला १.४ ओहम, रात्री फक्त अर्धा व्होल्ट पडेल. चित्राची कोअॅक्सियल आहे तीच राहू द्या. गेटच्या दिव्याला लाइट असेल तर आणखी सोपं: तिथेच पावसाळी बॉक्समध्ये १२ व्होल्ट १ अँपिअरचा अॅडॉप्टर.

एक मात्र आधी बघा. समुद्राजवळ बीएनसी (चित्राच्या केबलची पिन) आणि डीसी (पॉवरची) पिन उघडल्या की आत हिरवी बुरशी दिसते, तो तांब्याचा गंज. घासून चालत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापत मागे या, १०-१५ सेमी जाते कधी कधी, आणि नवीन पिन लावा. क्रिंपची (दाबून बसवायची) बीएनसी घ्या, स्क्रूवाली दोन पावसाळ्यांत सैल होते. केबल बॉक्समध्ये खालून घाला आणि बाहेर तिला थोडं पोट द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

सेक्टर_झिरो
चौघांचं एकदम जाण्याबद्दल. डीव्हीआरच्या मेनूत मेंटेनन्समध्ये लॉग उघडा आणि हरवलेल्या वेळेच्या आसपासचं वाचा. ‘अॅबनॉर्मल शटडाऊन’ आणि लगेच ‘स्टार्टअप’ दिसलं तर डीव्हीआर रीस्टार्ट होतोय. ‘एचडीडी एरर’ दिसलं तर डिस्क.

रीस्टार्टचं नेहमीचं कारण म्हणजे डीव्हीआरचा स्वतःचा अॅडॉप्टर. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, आणि ४-५ वर्षं तापलेला २ अँपिअरचा अॅडॉप्टर तेवढा देत नाही. तेवढ्याच व्होल्टेजचा, तीच पिन आणि पोलॅरिटी असलेला ३ अँपिअरचा लावून दोन दिवस बघा.

डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तीन ओळी पुरे. ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी५ (संशयित सेक्टर) चा रॉ आकडा वाढत असेल तर डिस्क निरोप घेतेय. फक्त सी७ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्क जोडणारी साटा केबल बदला, डिस्क बहुधा चांगली असते. जुन्या पीसीतली डिस्क घातली असेल तर तीही काढा. सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या, २४ तास लिहीत राहण्यासाठी ती असते. फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी हवं ते फुटेज पेन ड्राइव्हवर घ्या, नंतर काही हाती लागत नाही.

५ दिवस ही तक्रार नाही, गणित आहे. बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहायचा तो आकडा) ४०९६ केबीपीएस असेल तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४४ जीबी, चौघांचे १७७. १ टीबी साडेपाच दिवसांत भरते आणि जुन्यावर लिहायला लागते. २०४८ आणि १५ फ्रेम ठेवा, ११ दिवस मिळतील. डीव्हीआरमध्ये एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवणारं कॉम्प्रेशन) असेल तर २०४८ लाही चित्र बरंच टिकतं. गेटला मात्र ३०७२ च्या खाली नेऊ नका, नंबर प्लेटचं पीठ होतं. त्या बदल्यात दिवस थोडे कमी होतील.

तारखेसाठी बोर्डावरचा सीआर२०३२ बटण सेल. २.८ व्होल्टच्या खाली गेला असेल तर बदला. डीव्हीआर नेटवर असेल तर एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणं) चालू करा आणि टाइम झोन जीएमटी +५:३० आहे ना ते बघा. ‘हरवलेलं’ रेकॉर्डिंग कॅलेंडरवर जुन्या तारखेला शोधा, पुष्कळदा तिथेच सापडतं.

गेटवरचा_डोळा
फडकं टाकून मोजलं. फडक्याशिवाय ११.१, टाकल्यावर ९.४ पर्यंत उतरून कॅमेरा बंद. लॉगमध्ये आठवड्यात ६ वेळा अॅबनॉर्मल शटडाऊन, एचडीडी एरर एकही नाही. ०५ आणि सी५ शून्य. घड्याळ आत्ता मोबाइलपेक्षा ३ तास ४० मिनिटं मागे आहे, लगेच दुरुस्त करू का?

सेक्टर_झिरो
आधी डीव्हीआरचा स्क्रीन आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या, मग दुरुस्त करा. मागचं एखादं फुटेज पोलिसांना द्यायची वेळ आली तर हा फरक विचारतात.

बारा_व्होल्ट
म्हणजे कॅमेरा निर्दोष. ८० मीटर वायर आणायला जाऊ नका, दोन कोर एकत्रच असतात, ४० मीटरला ४५ आणा.