शिकागोत मित्रांसोबत शनिवार-रविवार : कब्सचा सामना आणि रात्रीचा बेत, सल्ला हवा

नॉर्मलकर

नमस्कार मंडळी. आम्ही सहा मित्र इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन-नॉर्मल येथे नोकरीनिमित्त राहतो. आमच्यापैकी पुण्याच्या कार्यालयातून आलेला एक सहकारी लवकरच परत जाणार असून, जाण्यापूर्वी एक तरी बेसबॉल सामना मैदानावर बसून पाहावा अशी त्याची इच्छा आहे. म्हणून मे महिन्यातील एका शनिवार-रविवारी शिकागोला जाऊन तिथल्या कब्स संघाचा सामना पाहावा आणि रात्री शहरात मनसोक्त हिंडावे, असे ठरत आहे. आमच्यापैकी दोघे मद्यपान करत नाहीत, एक जण पूर्ण शाकाहारी आहे आणि बेसबॉलचे नियम खऱ्या अर्थाने एकालाच ठाऊक आहेत.

सामना शुक्रवारी दुपारचा निवडावा की शनिवारचा, मुक्काम मैदानाजवळ करावा की मध्यवर्ती भागात, गाडी न्यावी की रेल्वेने जावे आणि सामन्यानंतरची रात्र कोठे घालवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आमच्यातील काहींचे म्हणणे असे की, कब्सच्या रिग्ली फील्ड या मैदानाच्या आसपासच इतके बार आहेत की दुसरीकडे जाण्याची गरजच नाही. हे कितपत खरे आहे?

रेड लाइनवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा बेत त्यावरच अवलंबून आहे. बार भरपूर आहेत हे खरे. पण सामना संपताच चाळीस हजारांच्या आसपास माणसे एकाच वेळी क्लार्क स्ट्रीटवर उतरतात आणि पुढचे दोन तास तिथे उभे राहायलाही जागा मिळत नाही. ती गर्दी एकदा पाहण्यासारखी आहे, विशेषतः कब्स जिंकले असतील आणि धावफलकावर निळ्या डब्ल्यूचा पांढरा झेंडा चढला असेल तेव्हा. तिथे अर्धा तास काढावा आणि निघावे. सबंध रात्र त्या चौकात घालवण्यासाठी शिकागोला येण्याचे कारण नाही.

शक्य असेल तर शुक्रवारची रजा काढा आणि दुपारचा सामना निवडा. रिग्ली फील्ड 1914 साली उभे राहिले, पण तिथे प्रकाशझोत आले ते थेट 1988 मध्ये. तोपर्यंत कब्सचा तिथला प्रत्येक सामना उन्हातच होत असे. मैदान दाट वस्तीत असल्यामुळे आजही रात्रीच्या सामन्यांवर शहराने मर्यादा घातलेली आहे आणि शुक्रवारचे सामने बहुधा दुपारी 1:20 ला सुरू होतात. खेळ आता साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो, कारण 2023 पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावलेले आहे. म्हणजे साडेचारच्या सुमारास तुम्ही मोकळे होता, खोलीवर जाऊन अंघोळ करून जेवता येते आणि रात्र पूर्णपणे हाती राहते. शनिवारच्या सामन्याची वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने बदलत असल्याने तिकिटे काढण्यापूर्वी ती पाहून घ्यावी.

गाडी आणू नका. रात्रीच्या सामन्यांच्या वेळी आसपासच्या अनेक गल्ल्यांत केवळ रहिवाशांनाच गाडी लावता येते आणि पाटी न वाचणाऱ्यांच्या गाड्या सरळ उचलून नेल्या जातात. तुमच्या गावाहून अ‍ॅमट्रॅकची लिंकन सर्व्हिस ही रेल्वेगाडी सुमारे अडीच तासांत शिकागोच्या युनियन स्टेशनला पोहोचवते. तिथून पुढचा सगळा बेत रेड लाइन या शहरी रेल्वेमार्गाभोवती आखावा : मध्यवर्ती भागात किंवा रिव्हर नॉर्थमध्ये मुक्काम, मैदानासाठी अ‍ॅडिसन स्थानक आणि रात्री परतण्यासाठीही तीच गाडी, कारण रेड आणि ब्लू या दोन मार्गिका चोवीस तास चालतात. पहाटे दोननंतर मात्र सहाही जणांनी एकाच डब्यात बसावे.

सावलीतली खुर्ची

मुक्काम आणि गाडीबाबत सहमत आहे. जागांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवखी मंडळी पैसे वाया घालवतात ती तिथेच.

रिग्ली जुने असल्यामुळे वरचा मजला लोखंडी खांबांवर उभा आहे आणि खालच्या मजल्यावरील मागच्या रांगांतून पाहताना एखादा खांब नेमका पिचर आणि बॅटर यांच्या मध्ये येतो. 200 च्या क्रमांकांतील स्वस्त तिकीट दिसले की रांग तपासावी आणि दृष्टीआड येणाऱ्या खांबाची सूचना दिली आहे का हे वाचावे. दुपारच्या सामन्यात तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली लवकर येते आणि कब्सचा डगआउटही (खेळाडूंची बसण्याची जागा) त्याच बाजूला आहे. मात्र मे महिन्यात सावली हवीच असे नाही! सरोवरावरून वारा सुटला की पुण्याहून आलेल्या पाहुण्याला जाकीट चढवूनही हुडहुडी भरेल. हाच वारा खेळही फिरवतो : आतल्या दिशेने वाहत असेल तर एरवी प्रेक्षकांत पडले असते असे फटके झेल होऊन संपतात आणि बाहेरच्या दिशेने वाहत असेल तर धावांचा पाऊस पडतो. मैदानात शिरताच धावफलकावरील झेंडे पाहण्याची सवय इथल्या जुन्या प्रेक्षकांना असते. तो धावफलक 1937 चा असून आजही आत बसलेली माणसे त्यावरील आकडे हाताने बदलतात. बाहेरच्या भिंतीवरील वेलही त्याच वर्षीची.

नियम ठाऊक नसलेल्या पाच जणांना घेऊन जात असाल, तर ब्लीचर्समधील, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भिंतीमागील बाकांचा विचार करावा. तिथून खेळातले बारकावे दिसत नाहीत, पण प्रतिस्पर्ध्याने थेट प्रेक्षकांत मारलेला होम रनचा चेंडू हाती आला, तर सगळे प्रेक्षक तो मैदानात परत फेकायला लावतात. अशा गोष्टींत नवख्यांचे मन लवकर रमते. ज्याला नियम येतात त्याला मध्यभागी बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शंकांचे निरसन होईल.

पस्तिसावी गल्ली

सगळे जण उत्तरेकडेच का पाठवत आहेत, हे मला दरवेळी कोडे वाटते. त्याच रेड लाइनने दक्षिणेकडे निघून सॉक्स-35 या स्थानकावर उतरल्यास शहरातील दुसऱ्या संघाचे, म्हणजे व्हाइट सॉक्सचे मैदान लागते. ते 1991 पासूनचे असल्याने तिथे खांबांची अडचण नाही, तिकिटे बहुधा बरीच स्वस्त मिळतात आणि शुक्रवारी रात्री सामन्यानंतर आतषबाजी करण्याची तिथली जुनी प्रथा आहे. सहा जणांच्या खर्चात पडणारा फरक एका चांगल्या जेवणाएवढा असू शकतो. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी की, त्या मैदानाभोवती वाहनतळ आहेत, बाजारपेठ नाही; सामना संपला की गाडी पकडून शहरातच परतावे लागते. सामना पाहायचा असेल तर दक्षिणेला जावे आणि मैदान पाहायचे असेल तर उत्तरेला. पाहुण्याला यांपैकी काय हवे आहे, हे त्यालाच विचारा.

निवांत मैफल

मीही मद्य घेत नाही आणि तरीही शिकागोतील रात्री मला कधी लांबल्यासारख्या वाटल्या नाहीत, म्हणून त्या बाजूने लिहिते. बारपेक्षा मैफलीचे ठिकाण निवडले, की पिणारा आणि न पिणारा हा भेद आपोआप मागे पडतो. अ‍ॅडिसनच्या उत्तरेला तिसऱ्या स्थानकावर, म्हणजे लॉरेन्सला उतरले की ग्रीन मिल हा जुना जॅझ क्लब अगदी जवळ आहे. कुख्यात गुंड अल कपोनच्या टोळीशी त्याचे नाव जोडले जाते, पण तिथे जावे ते संगीतासाठी. वादन सुरू असताना गप्पा मारलेल्या खपत नाहीत, हे मित्रांना आधीच बजावावे. पोएट्री स्लॅम हा कवितेचा जुगलबंदीवजा प्रकार 1986 मध्ये याच क्लबमध्ये रुजला. ब्लूज ऐकायचे असल्यास मध्यवर्ती भागात साउथ वाबॅशवर ब्लूज कलावंत बडी गाय यांचा लेजेंड्स हा क्लब आहे, आणि हसण्याची इच्छा असल्यास ओल्ड टाउनमधील सेकंड सिटीचा उत्स्फूर्त विनोदाचा प्रयोग पाहावा. ही संस्था 1959 पासून सुरू आहे आणि शनिवारचे प्रयोग लवकर भरतात, त्यामुळे तिकीट आधी काढणे उत्तम.

पाहुण्याविषयी एक महत्त्वाची सूचना. मद्यासाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे आणि ओळखपत्र दारातच तपासले जाते. परदेशी पाहुण्याजवळ मूळ पासपोर्ट असावा. मोबाइलमधील छायाचित्र किंवा आधार कार्ड दाखवून द्वारपाल आत सोडेलच असे नाही. वय पिकलेले असो वा कोवळे, हे द्वारपाल ओळखपत्र सगळ्यांनाच मागतात, त्यामुळे त्यात अपमान मानू नये. बहुतेक बार पहाटे दोनला आणि शनिवारी रात्री तीनला बंद होतात. उशिराचा परवाना असलेले त्याहून दोन तास जास्त चालतात.

शाकाहारी मित्राची काळजी नको. पालक किंवा भाज्या घातलेला डीप-डिश पिझ्झा एकदा खावा, पण तो भाजायला पाऊण तास लागतो, म्हणून भूक लागण्यापूर्वीच मागवावा आणि सहा जणांसाठी दोनच मागवावेत. घरचे जेवण आठवलेच, तर डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर भारतीय उपाहारगृहे आहेत. मात्र दोन दिवसांच्या सहलीत त्या टोकाला जाण्यात निम्मा दिवस जातो.

नॉर्मलकर

सर्वांचे मनापासून आभार. पाहुण्याला विचारले, त्याला वेलीची भिंत पाहायची आहे, त्यामुळे पस्तिसाव्या गल्लीची क्षमा मागून शुक्रवारची दुपार आणि रिग्ली निश्चित केले. संध्याकाळी ग्रीन मिल आणि शनिवारी सेकंड सिटी असा क्रम लावत आहोत. आता एकच शंका उरली : ऐन सामन्याच्या दिवशी पाऊस पडला तर काय होते?

सावलीतली खुर्ची

पाऊस आल्यास खेळ थांबवून मैदानावर ताडपत्री अंथरतात आणि वाट पाहतात. कधी कधी ही वाट तासाहून अधिक लांबते. पाच डाव पूर्ण झाले असतील, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार झाले असतील, तर पावसाने थांबलेला सामना अधिकृत धरता येतो आणि लागलेला निकाल कायम राहू शकतो. खेळ सुरूच झाला नाही, तर सामना पुढे ढकलला जातो आणि तिकीट सहसा नव्या तारखेला चालते, जी तुमच्या पाहुण्याच्या उपयोगाची नसेल. म्हणून शुक्रवार ठरवला आहे ते बरेच झाले : पाणी फिरलेच तर शनिवारच्या सामन्याची तिकिटे त्याच संध्याकाळी शोधता येतील. सेकंड सिटीची तिकिटे मात्र शनिवारच्या उशिराच्या प्रयोगाची काढा.