'फ्रीस्टँडिंग'ला मराठीत काय? 'निराधार खांब' खटकतंय

प्रश्न: सोलापुरातल्या एका जुन्या वाड्याचा माहितीफलक मराठीत करतोय. इंग्रजी मजकुरात ओसरीचे खांब आणि अंगणातलं तुळशीवृंदावन, दोन्हींना 'फ्रीस्टँडिंग' (बाजूला कशालाही न चिकटता उभं) म्हटलंय. निराधार, स्वाधीन, स्वतंत्र, सुटा यांतला कुठला शब्द दोन्हीकडे चालेल?

उत्तर १: 'निराधार' आधी खोडा ओ. वाचणाऱ्याला संजय गांधी निराधार योजना आठवेल. शिवाय खांब स्वतःच आधार देतोय! 'स्वाधीन'ही नको. संस्कृतात तो आपल्याच ताब्यातला, पण मराठीत चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात; अर्थ पार उलटा.

उत्तर २: एकाच शब्दाचा हट्ट सोडा. इथे मुद्दा बाजूला काही चिकटलेलं नाही एवढाच; ओसरीच्या खांबावर तुळई असतेच. म्हणून 'भिंतीपासून सुटे खांब' लिहा. 'भिंतीपासून' गाळलंत तर घोटाळा होतो. सुटे पैसे, सुटे भाग म्हणतो तसे 'सुटे खांब' म्हणजे उचलून नेता येणारे वाटतील. भिंतीत अर्धा मुरलेला असेल तर तो 'अर्धस्तंभ', त्याला हे विशेषण लागतच नाही.

'सुटा' विकारी आहे, म्हणजे पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: सुटा खांब, सुटी कमान, सुटं वृंदावन, सुट्या खांबांवर. 'सुट्ट्या' लिहिलंत तर खांबांना रजा मिळेल.

उत्तर ३: वृंदावनाला 'स्वतंत्र' चालेल, पण नामाला चिकटवून नको. 'अंगणात स्वतंत्र वृंदावन आहे' म्हणजे आणखी एक, वेगळं असं वाटतं. भाड्याच्या जाहिरातीतला 'स्वतंत्र नळ, स्वतंत्र जिना' तसाच: दुसऱ्याशी वाटून न घेतलेला. 2004 मध्ये सोलापूरला 'स्वतंत्र विद्यापीठ' मिळालं, तेही शिवाजी विद्यापीठापासून वेगळं या अर्थानं. क्रियापदाला जोडलं की नेमका अर्थ येतो: 'वृंदावन अंगणात स्वतंत्र उभं आहे'.

कुणी 'स्वायत्त' सुचवायच्या आत सांगतो, तो कारभाराचा शब्द. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच. दगडविटांना तो लावू नये.

प्रश्नकर्ता: मग असं लिहितो: 'ओसरीचे लाकडी खांब भिंतीपासून सुटे असून दगडी तळखड्यांवर उभे आहेत. अंगणात मधोमध तुळशीवृंदावन स्वतंत्र उभे आहे.'

उत्तर २: झकास. दुसऱ्या वाक्यात 'चारी बाजूंनी मोकळे' लिहिलंत तर 'स्वतंत्र'ही लागणार नाही. प्रदक्षिणा घालता येते हे त्यातच आलं.