विसंगती २० टक्के की २ टक्के?

प्रश्न:
श्रमबाजारातील विसंगतीवर, म्हणजे बेरोजगार एका क्षेत्रात आणि रिक्त जागा दुसऱ्यात असण्यावर, प्रबंधिका लिहिताना मी एक साधे उदाहरण सोडवून पाहिले. एका क्षेत्रात ६० बेरोजगार आणि ४० रिक्त जागा, तर दुसऱ्यात ४० बेरोजगार आणि ६० रिक्त जागा आहेत. अर्थतज्ज्ञ जॅकमन व रोपर यांच्या १९८७ च्या पद्धतीने विसंगती २० टक्के येते. शाहीन, साँग, तोपा व व्हायोलांते यांच्या २०१४ च्या सूत्राने, घातांक ०.५ धरल्यास, ती जेमतेम २ टक्के भरते. आकडेमोड मी तीनदा तपासली आहे. कोणता आकडा ग्राह्य धरावा?

प्रतिसाद १:
आपली आकडेमोड अचूक आहे. मात्र दोन्ही सूत्रे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. बेरोजगारांची वाटणी रिक्त जागांच्या वाटणीशी जुळवायची, तर शंभरांपैकी किती जणांना क्षेत्र बदलावे लागेल, हे पहिले सूत्र सांगते. दुसरे सूत्र हुकलेली भरती मोजते. त्यात प्रत्येक क्षेत्रातील भरती बेरोजगार व रिक्त जागा यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात धरली जाते; घातांक ०.५ चा अर्थ हाच. ६० आणि ४० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे ४९, म्हणजे दोन्ही क्षेत्रे मिळून ९८. वाटणी जुळली असती तर हाच आकडा १०० झाला असता. वीस माणसे चुकीच्या ठिकाणी असूनही नुकसान अवघे दोनाचे, कारण गर्दीच्या क्षेत्रातही जागा भरतच असतात, किंबहुना त्या लवकर भरतात. म्हणूनच २०१४ च्या त्या अभ्यासात २००७-०९ च्या मंदीच्या काळात अमेरिकेत वाढलेल्या बेरोजगारीपैकी फार तर एक तृतीयांश वाढ उद्योग व व्यवसायांमधील विसंगतीच्या खात्यावर पडली. माझ्या मते आपण दोन्ही आकडे द्यावेत, पण त्यांची तुलना करू नये.

प्रतिसाद २:
क्षेत्रांची वा व्यवसायांची गटांत विभागणी किती बारीक आहे, हेही लिहाच. आरोग्यसेवा हा एकच गट धरला, तर परिचारिकांचा तुटवडा आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांची गर्दी एकमेकांत विरून जातात. व्यवसायांच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मुख्य गट १० आणि सर्वांत लहान गट ४३६ आहेत. बारीक गट घेतले की विसंगतीचा आकडा चढतो, परंतु नमुना लहान असेल तर त्यातली बरीच चढण निव्वळ योगायोगाची असते.

प्रतिसाद ३:
शिक्षणाला न साजेसे काम करणारे लोक या दोन्ही सूत्रांत येतच नाहीत, कारण ते बेरोजगार नसतात. त्यांच्यासाठी त्या व्यवसायातील सरासरी शिक्षणापेक्षा एका प्रमाण विचलनाहून (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, त्याच्या मापाहून) अधिक शिकलेल्यांना अतिशिक्षित मानण्याची पद्धत रूढ आहे. तिच्यावर विसंबताना जपावे: लिपिकाच्या जागांवर पदवीधरच भरले गेले की सरासरीच वर सरकते, आणि कालचा अतिशिक्षित लिपिक आज कागदोपत्री योग्य जागी बसलेला दिसतो.