इंदूर–जाम गेट–महेश्वर रस्त्यावरचं छायाचित्र प्रदर्शन: फोटो किती, माप काय?

प्रश्न (माळवावाट): महू, जाम गेट (विंध्याच्या घाटातली जुनी दगडी कमान), मंडलेश्वर, महेश्वर या वाटेचे 24 फोटो निवडलेत. सगळे आडवे, 24 मेगापिक्सेलचे. इंदूरच्या हॉलमध्ये सलग भिंत 40 फुटांची आहे. 20×30 इंची प्रिंट चालेल का? नमुन्याची प्रिंट स्क्रीनपेक्षा फारच काळपट आली, जाम गेटचा दगड कोळशासारखा दिसतोय. शिवाय जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याचे फोटोही मिसळावेत का?

उत्तर (घाटमाथा): 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000×4000 पिक्सेल; त्याला 30 इंचात 200 पिक्सेल प्रति इंच मिळतात. चार-पाच फुटांवरून छान दिसेल. क्रॉप करून (कडा कापून) रुंदीत 4000 पिक्सेल उरले असतील तर तो फोटो 12×18 च्या वर नेऊ नका, झाडांची पानं चिखलासारखी एकजीव होतात. भिंत 480 इंच, 12 फोटोंचे 360 झाले. उरलेले 120 इंच दोन्ही टोकं धरून 13 जागांत वाटले की सव्वानऊ इंचांचं अंतर येतं. 24 फोटो मावणारच नाहीत.

उत्तर (चौकटकाम): वरच्या हिशोबात फ्रेम धरलेली नाही. चारी बाजूंनी दोन इंच धरले तर एक नग 24×34 चा होतो आणि 12 नगांत अंतर जेमतेम साडेपाच इंच उरतं. गर्दी वाटेल. 10 लावा, मध्ये साडेबारा इंच सोडा. फ्रेमचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर ठेवा. फ्रेममागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून तीन इंच खाली येत असेल तर खिळा 58+12−3, म्हणजे 67 इंचांवर. नुसत्या सनबोर्डला (प्रिंट चिकटवायच्या हलक्या फोमच्या फळीला) दुहेरी टेप लावून टांगू नका, दमट हवेत रात्रीतून सुटतो.

काळपटपणाचं कारण बहुतेक स्क्रीनच. ती फार उजळ ठेवली की फोटो नकळत अंधारा एडिट होतो. कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि पांढरा रंग कागदाइतकाच दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग फक्त सावल्या उचला. अख्खा फोटो उजळला तर आकाश धुऊन निघेल. एसआरजीबीत (sRGB या सर्वसाधारण रंगपद्धतीत) फाइल द्या, दुकानात ऑटो करेक्शन, म्हणजे मशीनने आपोआप रंग-उजेड बदलणं, बंद करायला सांगा. गेटच्या दगडाची आठ इंची पट्टी मॅट कागदावर काढून हॉलच्याच दिव्याखाली बघा, मगच बाकीची ऑर्डर द्या.

उत्तर (निमाडउतार): आग्रा-मुंबई रस्ता मिसळू नका, अगदी मनापासून सांगतो. तो भेरूघाटाने उतरून खलघाटला नर्मदा ओलांडतो. तुमचा रस्ता जाम गेटहून मंडलेश्वरला जातो, तिथून नदीच्या उत्तर काठाने महेश्वर. दोन्ही विंध्यच उतरतात, पण एका रांगेत लावले तर बघणाऱ्याला वाट खोटी कळेल. हवा तर समोरच्या भिंतीवर वेगळा संच करा.

दहांत जाम गेटचे दोन तरी हवेत: एक कमानीचा, एक तिथून खाली निमाडात (नर्मदेच्या खोऱ्यात) उतरणाऱ्या वळणांचा. कमानीखालच्या मजकुरात अहिल्याबाई होळकर आणि 1791 हे साल येऊ द्या. वळणांचा फोटो पुन्हा काढायचा झाला तर डिसेंबरात साडेआठच्या आत काढा. कॅमेरा दक्षिणेकडे असतो, तेव्हा ऊन डावीकडून तिरपं येतं आणि रस्त्याची कड उठून दिसते. दुपारी सूर्य समोर येतो, दरी सपाट पडते. 70-200 मिमीच्या टेलिफोटो लेन्सने वळणं जवळ ओढली जातात. पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) याच लेन्सवर लावा; 16 मिमीच्या वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकं येतं.