पटावर ६४ पण आधारवाले ५८च, तिसरे सर जातील का?

पारोळेकर:
आमची झेडपीची शाळा, पहिली ते पाचवी, शिक्षक तीन. पटावर ६४ पोरं आहेत पण सर सांगताय की आधार मॅच झालेली ५८च, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) तेवढीच धरतील अन् एक पद जाईल. मी शाळा समितीत आहे म्हणून सगळे मलाच विचारताय. पोरं रोज वर्गात बसताय, मग मोजायची नाही म्हणजे काय?

बिनखडूचा मास्तर:
भाऊ, सर बरोबर सांगताय. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आणि १५ मार्च २०२४ च्या जीआरनंतर गेलेलं पद परत मिळवायला ६१ नाही, ७६ पट लागतो, म्हणून आत्ताच धरून ठेवा. ३० सप्टेंबरच्या आत ती सहा पोरं क्लिअर करा. बहुतेक वेळा रजिस्टरला नाव एक अन् आधारवर दुसरं असतं, नाहीतर जन्मतारखेचा घोळ (आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच). जन्मदाखला काढून आधार दुरुस्त करून आणा. पण रजिस्टरमध्ये खाडाखोड करा असं सरांना सांगू नका, ते त्यांच्या अंगाशी येईल.

साक्रीवाला:
हाई तं आमना गावनीबी कथा शे. आमच्याकडे तर दिवाळीनंतर मायबाप ऊसतोडीला निघाले की पोरंबी सोबत जाताय, सप्टेंबरात पट भरलेला अन् जानेवारीत निम्मे बाक रिकामे. ज्यांचे मायबाप बाहेर जाणार त्यांचं आधार आधी करा, नंतर कोणी सापडत नाही. अन् जाताना सरांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायला सांगा, तिकडच्या शाळेत बसवता येतं.

चहाटपरी:
तीन शिक्षक राहिले तरी वर्गावर किती असताय ते बघा आधी. एक बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला, एक ऑनलाइन माहिती भरायला, राहिलेले एक सर पाच वर्ग सांभाळताय. तरी लोक म्हणताय झेडपीत शिकवत नाही अन् पोरगं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवताय. पट काय आधारनेच कमी झाला का?

पारोळेकर:
ते पण खरं आहे. विचारलं, चौघांचं नावाच्या स्पेलिंगवरच अडलंय, ते होईल. पण दोन पोरं सुरतला जन्मलेली, मायबाप तिकडे लूमवर होते. दाखला आपल्या ग्रामपंचायतीत निघेल का?

बिनखडूचा मास्तर:
नाही, जिथे जन्माची नोंद तिथूनच. नातेवाईक असतीलच सुरतला, आजच फोन लावा.