उरलेलं इपॉक्सी, एकटा पडलेला हार्डनर, एमईकेपी आणि दुधी झालेलं ॲसिटोन: कशाचं काय करायचं?

ओंडका_आणि_रेझिन (पुणे)

वरमाला ब्लॉक (लग्नाचा हार रेझिनमध्ये जपलेला ठोकळा) आणि रिव्हर टेबल (फळ्यांमध्ये रेझिन ओतलेलं टेबल) यांचं काम गच्चीवरच्या खोलीत चालतं. पावसाळ्याआधी खोली रिकामी करायची आहे. साठलेला माल असा:

१) २:१ (वजनाने) इपॉक्सी सेट. भाग ए (रेझिन) १२०० ग्रॅम, तळाशी साखरेसारखे दाणे. भाग बी (हार्डनर) ४०० ग्रॅम, मधासारखा पिवळा झालेला.
२) ३:१ डीप पोअर (जाड थर ओतायच्या) सेटचा नुसता हार्डनर, २५० ग्रॅम. त्याचा ए संपला.
३) जीपी (सर्वसाधारण वापराचं) पॉलिस्टर रेझिन ३ किलो, कोबाल्ट न घातलेलं. कोबाल्टची (पॉलिस्टर घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) १०० मिलीची बाटली. एमईकेपी (पॉलिस्टर घट्ट करणारं रसायन) २०० मिली.
४) ॲसिटोन ३ लिटर, हत्यारं धुऊन दुधी झालेलं.
५) कप, काड्या, हातमोजे, चिंध्या: दोन गोण्या.

मोरीत ओतायचं नाही एवढं माहीत आहे. "सगळं एका डब्यात ओता आणि उन्हात ठेवा, आपोआप दगड होईल" असा सल्ला मिळाला, तो बरोबर आहे का? रिकाम्या बाटल्या भंगारात चालतात का?

---

थर_पातळ_ठेवा

एका डब्याचा सल्ला देणाऱ्याला आधी डब्यापासून लांब उभं करा. तुमच्या यादीतला एमईकेपी हा ऑरगॅनिक पेरॉक्साइड आहे. तो थेट कोबाल्टमध्ये पडला तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाइन असतं, त्याच्याशीही त्याचं पटत नाही, आणि ॲसिटोनमध्येही तो घालायचा नाही. म्हणजे तुमच्या पाचपैकी पहिल्या चार नोंदी एका डब्यात येताच कामा नयेत.

साधं तत्त्व: द्रव रेझिन हा घातक कचरा, पूर्ण घट्ट झालेलं रेझिन हे प्लास्टिक. म्हणून जे घट्ट करता येतं ते आधी घट्ट करायचं, उरेल तेवढ्याचीच वेगळी सोय लावायची.

इपॉक्सी. ए मधले दाणे म्हणजे माल खराब नाही. थंडीत स्फटिक धरतात. झाकण घट्ट लावून बाटली ५० अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवा, अधूनमधून हलवा, पारदर्शक झाला की झालं. एकही दाणा राहू देऊ नका, नाहीतर तो पुन्हा पसरतो. पिवळा पडलेला बी रंगाला वाईट, पण घट्ट करायला चालतो. खरं तर हे मिश्रण टाकायचीही गरज नाही: टेबलाच्या खालच्या बाजूच्या भेगा, जिगची बैठक, पॉलिशखाली न दिसणारी जागा, कुठेही वापरा.

टाकायचंच असेल तर हिशोब असा. ४०० ग्रॅम बी ला ८०० ग्रॅम ए लागेल. ए चे ४०० ग्रॅम उरतील. तुमच्या ३:१ हार्डनरचे १३३ ग्रॅम त्यात जिरतील. वेगळ्या सेटचा असला तरी कचरा घट्ट करण्यापुरतं हे जमतं, वस्तू बनवायला मात्र नको. राहिले ११७ ग्रॅम हार्डनर. त्याला सुमारे ३५० ग्रॅम ए हवा: एकतर स्वस्तातला छोटा डबा आणा, नाहीतर पुढचा सेट येईपर्यंत लेबल लावून ठेवा. हार्डनर एकटा कितीही वर्षं ठेवला तरी दगड होत नाही, ही गोष्ट बरेच जण विसरतात. आणि "लवकर घट्ट व्हावं" म्हणून हार्डनर जास्त घालू नका. इपॉक्सीत तो कॅटलिस्ट नाही, जोडीदार आहे. जास्तीचा बी मोकळाच राहतो आणि ढेप कायम चिकट.

आता सगळ्यात जास्त चुकतं ती गोष्ट. १२०० ग्रॅम मिश्रण बादलीत ठेवलं तर घट्ट होताना निघणारी उष्णता बाहेर पडू शकत नाही. उष्णतेने क्रिया वेगवान, त्याने आणखी उष्णता. कप वितळतो, फेस येतो, घशाला लागणारा पांढरा धूर निघतो. म्हणून एका वेळी २०० ते ३०० ग्रॅमच ढवळा, तीन मिनिटं, कडा आणि तळ खरवडत, आणि लगेच ट्रेमध्ये पसरा. ३० × ४० सेंमी ट्रेमध्ये ५ मिमी थर म्हणजे ६०० घसेंमी, वजनाने साधारण ६५० ग्रॅम. तुमच्या सेटला असे दोन ट्रे पुरतात. ट्रे नसेल तर प्लायच्या तुकड्याला ब्राऊन पॅकिंग टेप लावा, चारी बाजूंनी पट्ट्या ठोका. टेपला इपॉक्सी चिकटत नाही.

भुसा मिसळू नका. भुसा उष्णता धरून ठेवतो. मिसळायचंच तर कोरडी वाळू.

डीप पोअरच्या हार्डनरचा मात्र उलटा स्वभाव: तो जाड थरासाठी मंद बनवलेला, त्यामुळे ५ मिमीत दोन-तीन दिवस मऊच राहील. पत्र्याच्या शेडखाली उबेत ठेवा, घाई नको. नखाने दाबून खूण उमटत नाही आणि तुकडा वाकवल्यावर तडकतो, तेव्हा तो झाला.

कप तापून धुमसायला लागलाच तर झाकू नका, हातात धरू नका. पक्कडीने धरून उघड्यावर विटेवर ठेवा. अजून वाहत असेल तर कोरड्या वाळूवर पसरवा. जेल झालं असेल तर लांब राहून थंड होऊ द्या.

---

चॉप्ड_मॅट

पॉलिस्टरबद्दल मी लिहितो, कारण इथे इपॉक्सीच्या सवयी घात करतात.

३ किलोचे दहा भाग करा, ३०० ग्रॅमचे. प्रत्येकात आधी कोबाल्ट, १ टक्का म्हणजे ३ मिली. पूर्ण ढवळा, गुलाबी-जांभळी छटा सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. त्यानंतरच एमईकेपी ३ मिली. दोघांसाठी वेगळी पिचकारी, वेगळी काडी. एकच पिचकारी दोन्ही बाटल्यांत बुडवणं हीच कारखान्यातली नेहमीची चूक आहे. दुपारच्या उन्हात १ टक्का पुरतो. २ टक्के घातलं तर काडी फिरते तोवर जेल.

कप कागदाचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. थर्माकोल आणि पारदर्शक कडक प्लास्टिकचे ग्लास चालत नाहीत, रेझिनमधलं स्टायरीन त्यांना विरघळवतं. थर ८-१० मिमी, वरून ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) दाबून ठेवा. जीपी रेझिनचा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट राहतो, शीटने तो प्रश्न मिटतो. काम उघड्यावर, आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लावून. एन-९५ वाफा अडवत नाही, तो फक्त घासकामाच्या धुळीसाठी.

यात एमईकेपी जेमतेम ३० मिली संपेल. उरलेला १७० मिली १७ किलो रेझिनला पुरेल, म्हणजे तुमच्याकडे तो कधीच संपणार नाही. जवळच्या फायबर वर्कशॉपला मूळ बाटलीत नेऊन द्या, त्यांना रोज लागतो. देईपर्यंत सावलीत, तिशीच्या आतल्या तापमानात, मूळ प्लास्टिक बाटलीत आणि मूळ झाकणासह. त्या झाकणाला वायू सोडायची सोय असते, म्हणून काचेच्या बाटलीत किंवा पत्र्याच्या डब्यात ओतायचा नाही. सांडला तर ओली वाळू टाका. भुसा किंवा सुती चिंधी नको, ती पेटू शकते. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि थेट दवाखाना. डोळा कायमचा जाऊ शकतो, त्यामुळे बाटली उघडण्याआधी चष्मा.

उरलेला कोबाल्टही त्याच वर्कशॉपला, पण वेगळ्या पिशवीत आणि शक्यतो वेगळ्या खेपेला.

---

रंधा_पत्री

ॲसिटोन टाकू नका. घट्ट झाकणाच्या उंच डब्यात आठवडाभर हलवल्याशिवाय ठेवा. गाळ खाली बसेल, वरचं निवळ अलगद ओतून घ्या. पहिल्या धुण्याला हेच, शेवटच्या धुण्याला थोडं ताजं. हत्यार आधी प्लास्टिकच्या पट्टीने निपटून मग चिंधीने पुसलं तर ॲसिटोन निम्म्याहून कमी लागतं. घरी उकळून शुद्ध करायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका: ॲसिटोन उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत गॅसच्या शेगडीपर्यंत जाते. तळाचा चमचाभर गाळ पत्र्याच्या उघड्या ताटलीत, गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात सुकू द्या. लिटरभर गाळ असेल तर तो द्रव घातक कचराच, बंद डब्यात जमा करायचा.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही भरू नका. घरात कुणीतरी तहानलेलं असतंच.

यादीत तुम्ही "चिंध्या" एवढंच लिहिलंय. कसल्या? टेबलाला हार्डवॅक्स किंवा अळशीच्या तेलाचं फिनिश देत असाल तर त्या गोण्यांतला खरा धोका रेझिन नाही, तेलाचे बोळे आहेत. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चुरगळलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता अडकते आणि काही तासांत ढीग आपोआप पेटतो, ठिणगी लागत नाही. त्यात घासलेल्या लाकडाचा भुगा असेल तर विचारूच नका. गोणी आजच उपसा. चिंध्या एकेक सुट्या करून दोरीवर पसरा, कडक झाल्या की धोका संपला. किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

अंगाला लागलेलं इपॉक्सी ॲसिटोनने किंवा थिनरने पुसायचं नाही, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. कोरड्या कागदाने टिपा, मग खाण्याचं तेल चोळून साबणाने धुवा.

---

ओंडका_आणि_रेझिन

चिंध्या दोन्ही प्रकारच्या आहेत आणि एकत्रच आहेत. आत्ताच दोरीवर टाकल्या. आता घट्ट झालेल्या लाद्या आणि बाटल्या कुणाला द्यायच्या?

---

थर_पातळ_ठेवा

लाद्या, घट्ट झालेले कप, काड्या सुक्या कचऱ्यात, थोड्या थोड्या करून. कडा धारदार असतात आणि घंटागाडीवर वर्गीकरण हातानेच होतं, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून वर "धार आहे" असं लिहा. जाळायचं मात्र अजिबात नाही, घट्ट झालं तरी.

चिकट राहिलेलं काहीही, ॲसिटोनचा गाळ, उरलेला हार्डनर: हा घरगुती घातक कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांत स्थानिक संस्थेने दर २० चौरस किलोमीटरला त्याचं एक संकलन केंद्र ठेवायचं असं म्हटलं होतं. तुमच्या आरोग्य कोठीवर (भागातलं सफाई कार्यालय) किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या घनकचरा विभागात ठिकाण आणि वेळ विचारा. "केमिकल आहे" असं म्हणू नका, लगेच नाही म्हणतात. "रंगाचे डबे आणि थिनर, घरगुती घातक कचरा" असं म्हटलं की पटकन कळतं. प्रत्येक डब्यावर मराठीत नाव, तारीख आणि अंदाजे वजन.

बाटल्या भंगारात जातात आणि तिथून धुऊन पुन्हा विकल्या जातात, कधी तेलासाठी, कधी पाण्यासाठी. म्हणून उलटी करून निथळवा, आतला थर मिश्रणाने घट्ट करा, मग करवतीने दोन तुकडे करा. एमईकेपीची बाटली कापू नका, वर्कशॉपलाच परत द्या.

एक फरक: हे सगळं घरच्या छंदापुरतं. विक्रीसाठी शेड टाकून नियमित काम करत असाल तर तुम्हाला २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, ९० दिवसांपेक्षा जास्त साठा नाही, दूषित रिकामे डबेसुद्धा नियमांच्या यादीतल्या ३३.१ या नोंदीखाली घातक, आणि माल फॉर्म १० (वाहतुकीचं नोंदपत्र) सह रांजणगाव किंवा तळोजासारख्या सामाईक प्रक्रिया केंद्रात. घंटागाडी तिथे चालत नाही.

---

तांबं_कोरतो

धागा थोडा वळवतो. पीसीबी (तांब्याचा सर्किट बोर्ड) कोरून झालेलं फेरिक क्लोराइड १ लिटर आहे, हिरवट काळं. आणि थ्रीडी प्रिंटरच्या यूव्ही रेझिनच्या वस्तू धुतलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). यांचं?

---

चॉप्ड_मॅट

आयपीए पारदर्शक बंद बरणीत, एक-दोन दिवस उन्हात. विरघळलेलं रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं. कॉफी फिल्टरने गाळा, आयपीए पुन्हा वापरा, गाळ उन्हात पूर्ण कडक करून सुक्या कचऱ्यात. "वॉटर वॉशेबल" रेझिनचं पाणीही मोरीत नाही, त्यालाही ऊन दाखवायचं. पाण्यात धुता येतं म्हणजे पाण्याला चालतं असं नाही.

फेरिक क्लोराइडमध्ये आता तांबं आहे, आणि तांबं सेप्टिक टँकच्या जिवाणूंना मारतं. फेरिक क्लोराइड स्टीलचं सिंकही खातं. १ लिटरसाठी निदान १० लिटरची प्लास्टिक बादली, आधी ३ लिटर पाणी, त्यात द्रावण, मग धुण्याचा सोडा चमच्याचमच्याने. फेस जोरात उसळतो, त्यासाठीच बादली मोठी. फेस थांबला की पीएच पट्टी ८ ते ९ दाखवेपर्यंत घाला, रात्रभर ठेवा. वरचं पाणी निळसर-हिरवं दिसलं तर तांबं अजून त्यातच आहे, धुण्याचा सोडा आणखी घाला. खालचा गाळ फडक्यातून गाळून वाळवा आणि पिशवीत, लेबल लावून, वरच्याच संकलन केंद्रात.

ॲल्युमिनियमची बादली घेऊ नका, तळ उरणार नाही.